बाबांच्या मेट पेशी ०.८ टक्के, आईला सलाईननंतर ताप: दोन्हींमागे एकच घराणं

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. वडील ६७ वर्षांचे, बारा वर्षांपासून शुगर. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी 'संपूर्ण प्रतिकारशक्ती प्रोफाइल' करून घेतलं. रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत लिहून आलं: मेट पेशी (एमएआयटी, टी पेशींचा एक प्रकार) ०.८ टक्के, लो. सोबत फोन आला की बी-टू व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसचं तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, पेशी वाढतील. त्याच महिन्यात आईला हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन लागलं आणि दुसऱ्या रात्री १०२ ताप, अंग मोडून आलेलं. डॉक्टर म्हणाले, गॅमा-डेल्टा टी पेशी चेतल्या, घाबरू नका. ताई विचारतात, या सगळ्या एकाच जातीच्या पेशी का? आणि आमच्या घरात प्रतिकारशक्ती कमी झाली आहे की जास्त?

आधी कामाचं सांगते. बाबांचा आकडा त्यांच्या वयाला आणि शुगरला धरूनच आहे. आईचा ताप हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, ॲलर्जी नाही. आणि बी-टूच्या पॅकेजवर एक रुपयाही घालू नका. आता कारणं. ती जरा लांबण लावणारी आहेत, पण बावीस वर्षं फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रासमोर बसून मला या पेशींचा लळा लागला आहे, तेवढं चालवून घ्या.

आपल्या नेहमीच्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, हे पोलीस ठाणं. प्रत्येक जंतूसाठी वेगळी फाइल. विशिष्ट जंतूचा विशिष्ट तुकडा ओळखणारी पेशी लाखात एखादी असते. ती सापडायची, तिची संख्या वाढायची, मग फौज निघायची, यात आठवडा जातो. इनेट-लाइक टी पेशी म्हणजे चौकातला पानठेलेवाला. तो कुणाचं आधार कार्ड बघत नाही. वस्तीत कोण नेहमीचं आणि कोण उपरं, हे त्याला एका खुणेवरून कळतं, आणि तो तिथल्या तिथे ओरडतो. या पेशींना टी पेशींसारखाच रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारा रेणू, असतो, पण तो जवळजवळ ठरलेल्या साच्याचा. हजार तऱ्हेच्या खुणा नाही, मोजक्याच ओळखतो. आणि त्या आठवडा घेत नाहीत, काही तासांत कामाला लागतात.

माणसात यांची तीन मोठी कुळं: मेट, आयएनकेटी आणि गॅमा-डेल्टा. म्हणजे ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर 'हो', घराणं एकच, पण भाऊबंद वेगळे. बाबांच्या रिपोर्टातल्या मेट, आईच्या तापातल्या गॅमा-डेल्टा.

मेट पेशी कोणती खूण ओळखतात, ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती हाती लागली निम्मी योगायोगाने. या पेशी एमआर-वन नावाच्या रेणूवर काहीतरी ठेवलेलं बघतात, एवढं माहीत होतं. काय ठेवलेलं, ते कळत नव्हतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या गटाने हा एमआर-वन प्रयोगशाळेत घडी घालून बनवायचा प्रयत्न केला. पेशी वाढवतो ते लालसर-गुलाबी द्रव माध्यम आमच्याकडेही फ्रीजमध्ये असतं. त्यात मिसळल्यावर एमआर-वनची घडी नीट बसली. माध्यमातलं फोलिक ॲसिड उजेडाने तुटून जो तुकडा होतो, तो त्याच्या खोबणीत जाऊन बसला होता. पण त्याने पेशी चेतत नव्हत्या, नुसती जागा अडत होती. मग साल्मोनेला जंतू वाढवलेल्या द्रवात शोधलं, तर चेतवणारा पदार्थ सापडला, आणि तो निघाला बी-टू व्हिटॅमिन बनवण्याच्या वाटेवरचा. हे २०१२ साली. पुढे त्याचं नेमकं रूप कळलं, ५-ओपी-आरयू. पाण्यात फार वेळ न टिकणारा रेणू.

माणूस बी-टू बनवत नाही, ते दूध, अंडी, पालेभाजीतून घेतो. जंतू आणि यीस्ट ते बनवतात. म्हणजे बंद घराच्या चुलीतून धूर निघाला की आत कुणीतरी मुक्कामाला आहे हे जसं कळतं, तसं आपल्या पेशीत किंवा आतड्याच्या भिंतीशी कुणी बी-टू 'शिजवत' असेल तर मेट पेशीला कळतं. तिला पोळीशी देणंघेणं नाही, धुराशी आहे. बाजारातली बी-टूची गोळी म्हणजे तयार पोळी. ती खाऊन धूर होत नाही. लघवी मात्र पिवळीधमक होते आणि लोकांना वाटतं, औषध लागू पडलं!

याच न्यायाने, ज्या जंतूंना बी-टू बनवताच येत नाही, घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस त्यातला, त्यांना ही खूण नाही. मात्र मेट पेशींना दुसरा मार्गही आहे. आजूबाजूच्या पेशींनी आयएल-१२ आणि आयएल-१८ नावाचे निरोप सोडले तर रिसेप्टर न वापरताही त्या चेततात. म्हणून विषाणूच्या आजारातही त्या दिसतात, ज्यात बी-टूचा काही संबंधच नसतो. नागपुरात बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड ही चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसवर बनवलेली लस. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की अशा लशीनंतर मेट पेशी चेततात, आणि ज्या उंदरांत मेट पेशी नाहीत त्यांच्यात लशीला मिळणारा टी पेशींचा प्रतिसाद कमी पडतो. तेव्हा आपल्या दंडावर टोचलं त्या रात्री या पानठेलेवाल्यांनीही आरोळी ठोकली होती.

आता बाबांचा आकडा. पडद्यावर हा आकडा कसा निघतो ते एकदा बघा, मग लाल अक्षरांची भीती निम्मी होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त, त्यात रंगीत अँटिबॉडी, लाल पेशी फोडून टाकायच्या, मग मशीनमधून एकेक पेशी लेझरसमोरून जाते. पडद्यावर ठिपक्यांचा ढग दिसतो. टी पेशींच्या ढगातून आम्ही अशा शोधतो ज्यांच्यावर व्ही-अल्फा ७.२ हा ठरावीक साखळीतुकडा आहे आणि सीडी-१६१ ही खूण खूप ठळक आहे. वर उजव्या कोपऱ्यात त्यांचा छोटा घट्ट पुंजका दिसतो. त्याभोवती मी माउसने चौकोन काढते. त्या चौकोनाची खालची रेघ किती वर ठेवायची हे माझ्या हातात. रेघ जरा हलली की ०.८ चे १.१ होतात. शिवाय पेशी चेतल्या की सीडी-१६१ उतरू शकतं, मग त्या चौकोनाबाहेर पडतात आणि मोजणीत 'नाहीशा' होतात, शरीरात असल्या तरी.

माझीच एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी, मे महिना, बाहेर पंचेचाळीस. एका कलेक्शन सेंटरहून नमुना आला, स्कूटरच्या डिक्कीत तीन-चार तास फिरून. पुंजका जवळपास दिसेचना. मी रिपोर्टवर 'अत्यंत कमी' लिहून सहीला पेन उचललंही होतं. आमच्या टेक्निशियनने मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या रंगाचा आलेख माझ्यासमोर धरला. "मॅडम, अर्ध्याच्या वर मेल्या आहेत." नवा नमुना थेट लॅबमध्ये घेतला, तीन टक्के. पहिला कागद मी आजही ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, नवे रेसिडेंट आले की दाखवायला.

समजा बाबांचा नमुना उत्तम होता. तरी ०.८ मध्ये भयंकर असं काही नाही. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या टी पेशींपैकी मेट साधारण १ ते १० टक्के असतात. एवढा मोठा पल्ला निरोगी माणसांतच. बाळाच्या नाळेच्या रक्तात त्या अगदी थोड्या असतात, जन्मानंतर वाढतात, विशी-तिशीत सर्वाधिक होतात, आणि मग वयाबरोबर उतरत जातात. ६७ व्या वर्षी एक टक्क्याच्या आसपास येणं हे केस पांढरे होण्यासारखं आहे. त्यात शुगर. फ्रान्समधल्या गटाने २०१५ मध्ये टाइप-२ मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांच्या रक्तात मेट पेशी कमी दाखवल्या. पण लठ्ठ रुग्णांच्या चरबीच्या ऊतीत त्या होत्या, आणि तिथे आयएल-१७ नावाचा दाह वाढवणारा पदार्थ सोडत होत्या. म्हणजे रक्तातला आकडा बघून म्हणायचं 'कमी', आणि तिकडे पोटाच्या चरबीत त्यांचा धुमाकूळ चालू.

हा मुद्दा मला जोर देऊन सांगायचा आहे, कारण रिपोर्ट विकणारे तो सांगत नाहीत. या पेशींचं घर रक्त नाही. रक्त म्हणजे बसस्टँड. मेट पेशी यकृतात एवढ्या असतात की तिथल्या टी पेशींत पाचातली एक ते तीनातली एक, कधी त्याहून जास्त, मेट निघते. फुप्फुस, आतडं, त्वचा इथेही त्यांचा ठिय्या. सीताबर्डीच्या बसस्टँडवर गर्दी कमी दिसली म्हणून कुणी म्हणेल का की नागपूरची वस्ती घटली?

टीबीचंच घ्या. सक्रिय टीबीच्या रुग्णांच्या रक्तात मेट पेशी घटतात, हे २०१० पासून माहीत आहे. क्षयाचा जंतूही बी-टू बनवतो, म्हणून त्या तिकडे ओढल्या जातात, फुप्फुसात सापडतात. बसस्टँड रिकामं, कारण गाड्या आगीकडे गेल्या. उलट एचआयव्हीत त्या लवकर खालावतात आणि एआरटीची औषधं वर्षानुवर्षं चालू असली तरी पुरत्या परत येत नाहीत. तिथे मात्र खरोखरच घट आहे. दोन्ही रिपोर्टांवर छापून येईल तोच शब्द: लो.

मग वाढवल्या तर? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारला गेला आहे. माकडांना तोच चेतवणारा रेणू, ५-ओपी-आरयू, दिला तेव्हा फुप्फुसातल्या मेट पेशी सशक्त व्हायच्या ऐवजी निकामी झाल्या, दमून बसल्या. आयएनकेटी पेशींचीही तीच कथा, आणि तिचं मूळ आणखी मजेशीर. जपानमध्ये ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजमधून किरिन या बिअर कंपनीच्या संशोधकांना कर्करोगाविरुद्ध काम करणारा पदार्थ मिळाला. त्यात बदल करून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड बनलं. १९९७ मध्ये कळलं की ते सीडी-वन-डी नावाच्या रेणूवर बसून आयएनकेटी पेशींना चेतवतं. उंदरांत चमत्कार दिसले. माणसात, २००२ च्या एका सुरुवातीच्या चाचणीत, घट्ट गाठींचा कर्करोग असलेल्या २४ रुग्णांना हे इंजेक्शन दिलं. औषध सोसलं, पण एकाचीही गाठ लहान झाली नाही. माणसाच्या रक्तात या पेशी असतात तरी किती? टी पेशींच्या हजारात एक, कित्येकदा दहा हजारांत एक. एवढ्याशा पेशींना धक्का देऊन 'प्रतिकारशक्ती बूस्ट' करतो म्हणणाऱ्याकडे हसून बघावं आणि पुढे निघावं.

खरं काम वेगळ्या दिशेने चाललं आहे. एमआर-वन आणि सीडी-वन-डी हे रेणू जवळपास सगळ्या माणसांत सारखेच असतात. एचएलए, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळवताना भावाबहिणींतसुद्धा जी कटकट होते ती इथे नाही. म्हणून दुसऱ्याच्या आयएनकेटी पेशी वापरता येतील अशी आशा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या आयएनकेटी पेशींना नवा रिसेप्टर बसवून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांतला कर्करोग असलेल्या मुलांना देण्याची चाचणी ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजने केली. २०२० मध्ये पहिल्या तीन मुलांची माहिती आली, एकाच्या गाठी कमी झाल्या होत्या. अर्धं जुळणाऱ्या पालकाचा बोनमॅरो देताना अल्फा-बीटा, म्हणजे नेहमीच्या, टी पेशी गाळून गॅमा-डेल्टा ठेवण्याची पद्धत तर जगभर वापरात आहे. पण हे सगळं मोठ्या केंद्रांत, नियमांच्या चौकटीत. फोनवर पॅकेज म्हणून मिळणारं हे नाही.

आणि आपल्या विदर्भात तर उलटी भीती आहे. सिकलसेल. आमच्याकडे आठवड्यातून दोन-चार तरी नमुने त्या मुलांचे असतात. कोयत्याच्या आकाराच्या पेशी बारीक नळ्या अडवतात, रक्त थांबतं, मग परत सुरू होतं, आणि त्या ये-जा करण्यात ऊतीला जी इजा होते तिने आयएनकेटी पेशी भडकतात. व्हर्जिनियातल्या गटाने हे आधी उंदरांत दाखवलं, मग दुखण्याच्या झटक्यातल्या रुग्णांच्या रक्तात या पेशी जास्त चेतलेल्या सापडल्या. इथे पेशी 'हाय' असणं हाच त्रास. त्यांना शांत करायला रेगाडेनोसॉन हे औषध वापरून चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. म्हणून आजही हायड्रॉक्सीयुरिया, पाणी, लसी आणि फोलिक ॲसिड हेच. आणि हो, वर मी फोलिक ॲसिडच्या तुकड्याने एमआर-वनची जागा अडते असं लिहिलं, ते वाचून कुणा सिकलसेलच्या आईने लेकराची गोळी बंद करू नये. ती प्रयोगशाळेतल्या बाटलीची गोष्ट आहे. गोळी चालूच ठेवा.

आता आई. गॅमा-डेल्टा पेशींचा शोध १९८४ मध्ये लागला तोही चुकून. सुसुमु टोनेगावांच्या प्रयोगशाळेत टी पेशींचं एक जनुक शोधताना भलतंच हाती आलं, ते गॅमा. रक्तातल्या गॅमा-डेल्टांपैकी बहुतेक व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ जातीच्या. त्या फॉस्फेट लागलेले छोटे रेणू ओळखतात. जंतूंकडे आणि मलेरियाच्या परजीवीकडे एचएमबीपीपी नावाचा असा रेणू असतो, तो त्यांना फार थोड्या मात्रेतही झोंबतो. आपल्या पेशींत आयपीपी असतो, तो सौम्य, साठला तरच खुपतो.

झोलेड्रोनिक ॲसिड हाडं खाणाऱ्या पेशींचं एक एन्झाइम बंद करतं, त्यासाठीच ते दिलं जातं. पण रक्तातल्या मोनोसाइट पेशीही ते गिळतात, त्यांच्यातलं तेच एन्झाइम बंद पडतं, आणि आयपीपी साठतो. गॅमा-डेल्टांना वाटतं, जंतू आला. त्या आरडाओरडा करतात: ताप, थंडी, सांधे-अंगदुखी. सलाईननंतर पहिल्या तीन दिवसांत. मोठ्या चाचणीत पहिल्या सलाईननंतर साधारण तीनातल्या एका बाईला असं झालं, दुसऱ्या वर्षी पंधरातल्या एकीला. माझ्या सासूबाईंना झालं तेव्हा त्या पलंगावरून म्हणाल्या होत्या, "काहून बाप्पा, हाडाची सुई अन् ताप डोक्याला?" मी समजावलं, त्यांनी ऐकलं, आणि तरीही शेजारणीला सांगितलं की इंजेक्शन उलटलं.

तेव्हा ताई, आईची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. एका खोट्या धुरावर तिचे पानठेलेवाले धावले, एवढंच.

मलेरियाचा उल्लेख आला म्हणून, कारण गडचिरोलीकडचे रुग्ण आपल्याकडे येतात. ज्याला आधी मलेरिया झालेला नाही अशा प्रौढाला फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार झाला की या गॅमा-डेल्टा पेशी वाढून टी पेशींच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ शकतात, आणि परजीवी असलेल्या लाल पेशी त्या मारतात. पण युगांडातल्या मुलांत २०१४ मध्ये दिसलं की वारंवार मलेरिया झालेल्यांत या पेशी घटतात आणि मंदावतात, आणि अशी मुलं परजीवी अंगात घेऊन ताप न येता हिंडतात. आता हे 'लो' चांगलं म्हणायचं की वाईट? मुलाला ताप नाही हे बरं, पण त्याच्या अंगातला परजीवी डासामार्फत दुसऱ्याला पोचतो. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवताना लोक ओरडतात ना, रोगराई घेऊन जा गे मारबत. ती मुलं बिचारी तापाशिवाय रोगराई वाहत असतात, कुणाला दिसत नाही.

राहिला 'या पेशी नसल्याच तर' हा प्रश्न. अशा एका माणसाची नोंद २०२० मध्ये झाली. एमआर-वनमधल्या बदलामुळे त्याच्याकडे मेट पेशी नव्हत्याच. त्याला न हटणारे चामखीळ होते, बाकी काही संसर्गही लवकर बरे होत नव्हते, पण त्याच्या गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या होत्या. एक ठेला बंद झाला की पलीकडचा गर्दी सांभाळतो, असं दिसतं. शून्य टक्क्यावरचा माणूस हिंडतोफिरतो आहे, आणि ०.८ वर बाबांना पॅकेज विकलं जातं.

बाबांसाठी काय करायचं? मेट परत तपासू नका. एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी यांवर तो पैसा लावा. न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लस त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासा, शुगरच्या माणसात टीबी गप्प बसून येतो.

आईला पुढच्या वर्षीच्या सलाईनआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि डी-व्हिटॅमिन बघून घ्या, दाताचं मोठं काम असेल तर ते आधी उरकून घ्या. सलाईनच्या दिवशी पाणी भरपूर, आणि पॅरासिटामॉल घरात तयार ठेवा. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, धाप लागली किंवा अंगावर पुरळ आलं तर मात्र 'गॅमा-डेल्टा असेल' म्हणत बसू नका. पावसाळ्यात तर नाहीच. तेव्हा आधी डेंग्यूची आणि मलेरियाची तपासणी.